चिठ्ठीत निघेल ते काम : प्रस्तावना

पहिली ते पाचवीच्या मुलांना मोठी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: मोठेपणी तू कोण होणार? उत्तरंही ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षक, कलेक्टर, क्रिकेटपटू. भारत सरकारच्या २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात सुमारे ३,६०० व्यवसाय नोंदवलेले आहेत. मुलांच्या यादीत त्यांतले दहाही नसतात. यात मुलांचा काही दोष नाही. कामं त्यांना रोज दिसतात. रस्त्यावर गवंडी दिसतो, दवाखान्यात परिचारिका दिसते, खांबावर चढलेला वायरमन दिसतो. पण त्या कामाच्या आत काय चालतं, त्या माणसाला कशाचा विचार करावा लागतो, काय चुकलं तर काय बिघडतं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. हा खेळसंग्रह मोठेपणीचा प्रश्न बाजूला ठेवतो आणि दुसराच प्रश्न विचारतो: आज या तासाला तू कोण आहेस?

त्याचं उत्तर देण्यासाठी जवळपास प्रत्येक खेळात मूल एक चिठ्ठी उचलतं. टेबलावर घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात: गवंडी, परिचारिका, तलाठी, वायरमन, एसटीचा वाहक, नकाशा काढणारा, मधमाश्या पाळणारा, सफाई कामगार, न्यायाधीश. ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल ते काम त्याचं. पुढच्या आठवड्यात चिठ्ठी बदलते, काम बदलतं. ही एवढीशी अट मला या सगळ्या खेळांचा कणा वाटते, आणि ती का वाटते हे सांगणं हेच या प्रस्तावनेचं मुख्य काम आहे.

आपल्याकडे शतकानुशतकं काम जन्मानं मिळत आलं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात त्या व्यवस्थेचं बारकाईनं केलेलं वर्णन वाचायला मिळतं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट अशा बलुतेदारांच्या हातात मोठं कौशल्य होतं आणि गाव त्या कौशल्यावर चाले. मात्र सुताराच्या मुलानं दुसरं काय करावं, हा प्रश्नच त्या रचनेत उठत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण तिथे होऊ न शकलेल्या भाषणात या रचनेच्या मुळावरच बोट ठेवलं. जातिव्यवस्था म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांची, एकावर एक उतरंड रचून केलेली वाटणी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कामाबरोबर मान ठरला, अपमानही ठरला, आणि दोन्ही पुढच्या पिढीला वारशानं मिळत गेले.

ती उतरंड वर्गात आजही डोकावते. हजेरीपटावर व्यवसायावरून पडलेली आडनावं असतात आणि मातीकामाचा तास आला की कुंभारांच्या मुलाला “तुझ्या घरचंच आहे, तू दाखव” असं सहज म्हटलं जातं. हेतू कौतुकाचा असतो. मात्र त्या कौतुकानं मुलाभोवतीची जुनी रेघ आणखी ठळक होते आणि उरलेल्या चाळीस मुलांना चाकाला हात लावायची गरज उरत नाही. चिठ्ठीला आडनाव कळत नाही. डॉक्टरांची मुलगी गवंडी होते, शेतमजुराचा मुलगा न्यायाधीश होतो, आणि दोघांनाही त्या तासापुरतं ते काम नीट करून दाखवावं लागतं. समाजानं घातलेली गाठ एका खेळानं सुटणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही काम आणि जन्म यांची जोडी अटळ नसते, हे मुलाला स्वतःच्या अंगानं कळण्याची सुरुवात इथे होऊ शकते.

ही सुरुवात प्राथमिक शाळेतच का व्हावी? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. मुलं व्यवसाय निवडतात त्याच्या कितीतरी आधी ती व्यवसाय वगळायला लागतात, असं त्या सांगतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला एवढंच समजतं की मोठी माणसं कामं करतात. सहा ते आठच्या दरम्यान ‘हे बायकांचं, हे पुरुषांचं’ अशी चाळणी लागते. नऊ ते तेराच्या दरम्यान प्रतिष्ठेची चाळणी लागते: हे काम आपल्यासारख्यांना शोभतं का, आणि ते आपल्याला झेपणार का? स्वतःची आवड हा निकष चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. तोवर दोन चाळण्यांतून कित्येक कामं खाली पडून गेलेली असतात आणि मूल ती पुन्हा उचलायला सहसा जात नाही. आपली पहिली ते पाचवी म्हणजे वयाची सहा ते अकरा वर्षं. या दोन्ही चाळण्या नेमक्या आपल्या वर्गात लागतात.

याचा पुरावा मुलांच्या चित्रांतही मिळतो. डेव्हिड वेड चेंबर्स या संशोधकानं ४,८०७ प्राथमिक विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फक्त २८ चित्रांत शास्त्रज्ञ स्त्री होती, आणि ती अठ्ठावीसही चित्रं मुलींनी काढलेली होती. ब्रिटनमधल्या एका संस्थेच्या पुढाकारानं २० देशांतल्या सात ते अकरा वयाच्या सुमारे २०,००० मुलांनी काढलेली, मोठेपणी करायच्या कामाची चित्रं २०१८ मध्ये अभ्यासली गेली. आपल्या आवडत्या कामाची माहिती ते काम करणारी व्यक्ती शाळेत आल्यामुळे मिळाली, असं सांगणारी मुलं एक टक्काही नव्हती. बाकीच्यांपैकी पुष्कळांना ती घरच्या माणसांकडून मिळाली होती किंवा दूरदर्शन आणि चित्रपटांतून. ज्याच्या घरात कामांची विविधता नाही, त्याच्यापुढे मग पडदाच उरतो.

शिक्षणात कामाला जागा द्यावी हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत वाचन, लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, अशी मागणी केली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचं केंद्र मानणारी योजना मांडली. पुढे झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिला अभ्यासक्रमाचं रूप दिलं आणि ती ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या परिसरातल्याच वस्तूंना शिक्षणाची साधनं बनवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेणारी कुरणशाळा ही त्यांचीच कल्पना.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांजवळ राहून शिकावं अशी अपेक्षा आहे. हा चांगला निर्णय आहे. परंतु सहावीत येणारं मूल आधीच ‘हे माझ्यासाठी नाही’ असं ठरवून आलेलं असेल, तर ते दहा दिवस त्याच्या वरवरून जातील. त्या दिवसांची मशागत प्राथमिक वर्गांत व्हायला हवी, आणि या वयाला ती खेळाशिवाय साधत नाही. भातुकली खेळणारं मूल दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायला आधीच शिकलेलं असतं. शाळेनं त्या क्षमतेला घराबाहेरचं जग द्यायचं आहे.

खेळ कसे आहेत, याची कल्पना यावी म्हणून काहींविषयी थोडं सविस्तर लिहितो.

‘हत्यारांची पिशवी’ हा सर्वांत सोपा खेळ. पिशवीत गवंड्याचा ओळंबा, सुताराचा गुण्या, शिंप्याचं अंगुस्तान, वायरमनचा टेस्टर, परिचारिकेची तापमापी अशा वस्तू ठेवायच्या. धारदार काही नको. मुलानं डोळे बांधून वस्तू चाचपायची, ती कशासाठी असेल याचा अंदाज सांगायचा आणि मग पट्टी सोडून ती वापरून पाहायची. या खेळाची खरी गंमत वापरण्यात आहे. दोरीला बांधलेलं वजन म्हणजे ओळंबा, एवढं नाव सांगून थांबलं तर मूल ते दुसऱ्या दिवशी विसरेल. वर्गाच्या भिंतीजवळ ओळंबा धरला, दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर वर, मध्ये आणि खाली पट्टीनं मोजलं आणि ते तिन्हीकडे सारखं भरलं, की भिंत सरळ आहे हे मुलाला स्वतः सिद्ध करता येतं. वजन नेहमी जमिनीकडेच का ओढलं जातं, हा प्रश्न त्यातूनच निघतो. गवंडीकामात विज्ञान आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘आमचं टपाल’ हा पाच-सहा तास चालणारा खेळ आहे. वर्गातल्या प्रत्येक बाकाला सहा अंकी क्रमांक द्यायचा. खरा पिनकोड कसा चालतो ते आधी समजून घ्यायचं: पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरवतात आणि शेवटचे तीन नेमकं टपाल कार्यालय दाखवतात. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ ने सुरू होतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली आणि ती आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी होते, संस्कृतचे विद्वान आणि कवी होते. मुलांपैकी कुणी पत्र लिहितं, कुणी शिक्का मारतं, कुणी वर्गवारी करतं, कुणी वाटप करतं. खेळाच्या मध्यावर शिक्षकांनी मुद्दाम चार पत्रांवरचे क्रमांक अपुरे ठेवायचे. पत्रं अडकतात, वाटप करणारी मुलं गोंधळतात आणि वर्गवारी करणाऱ्या, कुणालाही न दिसणाऱ्या माणसाचं काम किती महत्त्वाचं आहे ते सगळ्यांना कळतं.

त्याच धर्तीवर ‘डबे पोहोचवा’ हा मुंबईच्या डबेवाल्यांचा खेळ आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या सेवेत डबा घरापासून कार्यालयापर्यंत अनेक हातांतून जातो आणि झाकणावरच्या रंग, अक्षरं आणि आकड्यांच्या खुणांवरून तो योग्य इमारतीच्या योग्य मजल्यावर पोहोचतो. वर्गात काड्यापेट्यांचे डबे करून मुलं स्वतःची सांकेतिक भाषा तयार करतात. जो गट कमीत कमी खुणांत सगळे डबे बरोबर पोहोचवतो, त्याची पद्धत फळ्यावर मांडून सगळे तपासतात. मावळ-मुळशीकडून आलेल्या कष्टकऱ्यांनी बसवलेली ही घडी म्हणजे गणिताचा उत्तम धडा आहे.

‘भाकरीमागचे हात’ हा गोल करून बसायचा खेळ. एका मुलाच्या हातात सुतळीचा गुंडा द्यायचा. तो म्हणजे ताटातली भाकरी. भाकरी कुणी थापली, पीठ कुणी दळलं, पोतं कुणी उचललं, ज्वारी कुणी मळली, काढणी कुणी केली, बियाणं कुणी राखलं, तवा कुणी घडवला, चुलीचं किंवा गॅसचं इंधन कुणी आणलं, असं विचारत गुंडा फिरत जातो आणि जाळं तयार होतं. मग शिक्षक एका कामाला सुतळी सोडायला सांगतात. हमालानं सुतळी सोडली की जाळं कुठे सैल झालं ते सगळ्यांच्या हाताला जाणवतं. जे काम समाज सर्वांत खालचं मानतो, त्यानं सुतळी सोडल्यावर काय होतं, हे प्रत्येक वेळी आवर्जून करून पाहावं, असा माझा आग्रह आहे.

खेळ संपल्यावरची दहा मिनिटं खेळाइतकीच मोलाची आहेत. प्रत्येक खेळाच्या शेवटी तीनच प्रश्न दिले आहेत. या कामात अवघड काय वाटलं? हे काम कुणी केलं नाही तर कुणाचं अडेल? हे काम चांगलं करणाऱ्याला काय यायला हवं? सफाई कामगाराची चिठ्ठी निघाली की काही वर्गांत हसू फुटतं. त्या वेळी रागावू नये आणि दुर्लक्षही करू नये. हेच तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. गावात किंवा वाडीत आठ दिवस कचरा उचलला नाही तर काय होईल याचं उत्तर मुलं स्वतःच देतात आणि हसणारं मूल स्वतःच गंभीर होतं. त्याच बोलण्यात हातमोजे, बूट, योग्य पगार या गोष्टीही याव्यात. कामाचा सन्मान म्हणजे काम करणाऱ्याची सुरक्षितता आणि त्याचा मोबदलाही, हे मुलांना कळलं पाहिजे. गोड शब्दांत गौरव करून काम त्याच हातांवर कायमचं सोपवून देणं हा सन्मान नव्हे.

“तुझी आई काय करते?” या प्रश्नाला पुष्कळ मुलं “काही नाही, घरीच असते” असं उत्तर देतात. ‘आईचा दिवस’ या खेळात मुलं घरून आईच्या एका दिवसाची नोंद करून आणतात आणि वर्गात त्या नोंदीतली कामं चिठ्ठ्यांवर लिहितात: पाणी भरणं, स्वयंपाक, जनावरांचं शेणपाणी, आजारी आजीची देखभाल, हिशेब, भावंडाचा अभ्यास. मग या प्रत्येक कामासाठी बाहेर पगार घेणारं कुणी असतं का, ते शोधायचं. आचारी, परिचारिका, हिशेबनीस, शिक्षक अशी नावं निघत जातात आणि ‘काही नाही’ हे उत्तर आपोआप मागे पडतं.

बाईचं काम आणि पुरुषाचं काम ही चाळणी मोडायला उपदेशापेक्षा खरी माणसं उपयोगी पडतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, आणि १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली. हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा तिथे शिकणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणी जपली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. अशी नावं खेळांत जागोजागी येतात. त्याचबरोबर मुलग्यांच्या हाती दाईची, परिचारकाची, बालवाडी शिक्षकाची चिठ्ठीही आली पाहिजे. ही चाळणी मुलग्यांच्याही वाट्याची कामं गाळत असते.

काही पथ्यं मात्र कसोशीनं पाळावीत. पहिलं पथ्य म्हणजे खेळाचं रूपांतर मजुरीत होऊ देऊ नये. वर्ध्याच्या परिषदेतही मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेवर आक्षेप घेतले गेले होते, आणि तो सावधपणा आजही हवा. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांना कोयता आणि मोळी आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. त्यांच्यासाठी ते काम खेळ नाही. अशा मुलाला ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून उभं करू नये. त्यानं आपणहून सांगितलं तर मनापासून ऐकावं. दुसरं, पालकांचे व्यवसाय विचारून त्यांची यादी फळ्यावर लिहू नये. कुणाचे वडील बेरोजगार असतात, कुणाचे हयात नसतात, कुणाला घरचं काम सांगायची लाज शिकवलेली असते. तिसरं, कोणत्याही खेळावरून ‘हिचा कल अमुककडे आहे’ असा निष्कर्ष काढू नये. हे वय कल मोजण्याचं नाही, दारं उघडी ठेवण्याचं आहे.

वेळ कुठून काढायचा, हा शिक्षकांचा रास्त प्रश्न आहे. बहुतेक खेळ एका तासिकेत बसतात आणि परिसर अभ्यास, गणित, भाषा, कार्यानुभव यांपैकी कशाशी तरी थेट जोडलेले आहेत. पहिली ते आठवीसाठी सुरू झालेल्या आनंददायी शनिवारच्या उपक्रमातही ते घेता येतील. साहित्य म्हणजे कागद, सुतळी, काड्यापेट्या आणि गावातून उसनी आणलेली चार हत्यारं. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात. तिथे हे खेळ जास्त खुलतात, कारण चौथीचं मूल पहिलीच्या मुलाला वर्गवारी शिकवतं आणि ते शिकवणंही एक काम म्हणून खेळात मोजता येतं.

महिन्यातून एकदा खऱ्या कामकऱ्याला वर्गात बोलवावं. त्या व्यक्तीनं भाषण करू नये. मुलांनी प्रश्न विचारावेत आणि पाहुण्यानं हातानं करून दाखवावं. गावातल्या आशाताईंना, गॅरेजवाल्याला, ग्रामसेवकांना, टेलरबाईंना मुलांनी रांगेत उभं राहून नमस्कार केला, प्रश्न विचारले आणि आभाराचं पत्र लिहिलं, तर त्या माणसाच्या मनातही शाळेविषयी आपलेपणा येतो. शाळा व्यवस्थापन समितीला यात आनंदानं सामील करून घेता येईल.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. हे खेळ क्रमानं घेण्याची गरज नाही. हत्यारांच्या पिशवीपासून सुरुवात करा आणि वर्गाला आवडेल तिकडे जा. कोकणातल्या खाडीवरची, विदर्भातल्या जंगलाकाठची, इचलकरंजीच्या मागावरची, मुंबईच्या चाळीतली कामं एका संग्रहात मावणं शक्य नाही. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी काही पानं कोरी ठेवली आहेत. तुमच्या गावातली, वस्तीतली कामं तिथे मुलांकडूनच लिहून घ्या, त्यांच्या चिठ्ठ्या करा आणि जे काम सांगायला गावाला संकोच वाटतो, त्याची चिठ्ठी आठवणीनं त्यात ठेवा.